गीझरचा करार आणि खारं पाणी

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत घरगुती राहण्याजेवण्याची सोय करणाऱ्या मंडळींना एक गोष्ट पाठ झालेली असते. मुंबईचा पाहुणा भर मे महिन्यात घामाघूम होऊन उतरला, तरी "गरम पाणी आहे ना?" हे विचारल्याशिवाय खोलीत बॅग ठेवत नाही. परसातला तांब्याचा बंब झावळ्या नि सोडणांवर अख्ख्या घराला पुरायचा. पाहुण्यांच्या खोल्यांना तो कसा पुरणार? म्हणून नागाव, काशीद, दिवेआगरला खोलीगणिक गीझर बसले, आणि गीझरच्या पाठोपाठ वार्षिक देखभालीचे करार आले. सगळे त्याला एएमसीच म्हणतात.

एएमसी दोन प्रकारची. एकीत सुटे भाग धरलेले असतात, दुसरीत फक्त माणूस येऊन बघून जातो आणि भागाचे पैसे वेगळे. पहिली महाग, दुसरी स्वस्त, आणि विकणारा नेहमी पहिलीच गळ्यात मारतो. पण 'सुटे भाग धरून' म्हणजे नेमके कोणते, हे कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं. बहुतेक करारांत तिथे टाकी नसते. गंज नसतो. रबराचे वायसर, प्लास्टिकचे भाग आणि झिजणाऱ्या वस्तू नसतात. ठरावीक मर्यादेपलीकडच्या जड पाण्याने झालेलं नुकसान नसतं, विजेच्या दाबातल्या चढउताराने झालेलं नसतं, नैसर्गिक आपत्तीने झालेलं तर नसतंच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं. त्यानंतर ज्यांनी आपापले करार पहिल्यांदा उलटून पाहिले, त्यांना ही यादी चांगलीच ठाऊक आहे.

ही यादी किनारपट्टीवर कशी लागू पडते, ते गीझर उघडल्यावरच कळतं. वीज बंद, पाण्याचा कॉक बंद, टाकी रिकामी. उभ्या गीझरचं खालचं झाकण काढलं की एक गोल तबकडी दिसते. तिचे नटबोल्ट सोडवून ती हळूच खाली ओढली, की आधी विटकरी रंगाचं पाणी येतं आणि मग हीटिंग एलिमेंट. नवं असताना चकचकीत असलेलं ते वेटोळं पांढऱ्या खरबरीत थराने बोटाएवढं जाड झालेलं असतं. बोअरच्या पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की त्याचं कार्बोनेट होतं, म्हणजे चुना, आणि जिथे उष्णता सर्वांत जास्त तिथेच तो बसतो. थर वाढला की आतली उष्णता पाण्यात जात नाही, एलिमेंटचं कवच तापून तडकतं, वीज पाण्यात उतरते. अशा वेळी गळती ओळखून वीज तोडणारा स्विच घरात नसेल आणि अर्थिंगही धड नसेल, तर प्रकरण दुरुस्तीपुरतं राहत नाही.

त्या तबकडीलाच आणखी एक वस्तू लावलेली असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. मॅग्नेशियमची कांडी. टाकी लोखंडाची, आतून काचेचा मुलामा दिलेली. मुलाम्यात कुठे ना कुठे सुईच्या टोकाएवढी भोकं राहतातच. तिथे पाणी लोखंडाला भिडतं, पण मॅग्नेशियम लोखंडापेक्षा लवकर झिजायला तयार असल्यामुळे गंज आधी कांडीला खातो आणि टाकी वाचते. सर हम्फ्री डेव्ही यांनी हीच युक्ती १८२४ साली ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवर वापरून पाहिली होती. जहाजाच्या तळाच्या तांब्याच्या पत्र्याला त्यांनी लोखंडाचे तुकडे जोडले, आणि तांबं वाचलं. मात्र तांब्याच्या विषाला बिचकून दूर राहणारे समुद्री जीव आता तळाला मजेत चिकटू लागले, जहाजं मंदावली आणि आरमाराने तो नाद सोडला. गीझरमध्ये तसला धोका नाही. कांडी मुकाट्याने झिजते आणि संपते.

ती किती दिवसांत संपते, हे पाण्यावर ठरतं. समुद्रालगतच्या वाळूत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. रहाटाने उपसायचे तोवर तो टिकत होता. बंगल्यांचे बोअर सुरू झाल्यावर खारं पाणी वर सरकलं, आणि उन्हाळ्यात अनेक ठिकाणी विहिरींचं पाणी मचूळ लागतं. पाण्यात मीठ जितकं जास्त तितकी त्यातून वीज सहज वाहते आणि कांडी लवकर जाते. कांडी गेली की पाळी टाकीची. आता करार पुन्हा वाचा. कांडी ही 'झिजणारी वस्तू', म्हणून धरलेली नाही. टाकीचं भोक म्हणजे 'गंज', म्हणून धरलेलं नाही. एलिमेंट धरलेलं आहे, पण त्याच्यावर चुना दिसला की जड पाण्याचं कलम पुढे येतं. कुणाला लुबाडायचा डाव आहे असं मी म्हणणार नाही. करार शहरातल्या नळाच्या पाण्याचा हिशेब धरून लिहिलेला आहे, इतकंच. विलायतेत मध्यवर्ती तापवणीचे बॉयलर घरोघर असतात, त्यांच्या करारांतूनही चुना आणि गाळ बहुधा वगळलेलेच असतात.

मग या कागदात घ्यावं असं काय उरतं? माझ्या मते माणसाच्या फेऱ्या. वर्षाला दोन फेऱ्या ठरल्या असतील तर त्या करवून घ्याव्यात, त्याही आपल्या सोयीच्या महिन्यात. पावसाळा सरल्यावर, नाताळची गर्दी सुरू व्हायच्या आत एक. चुना खरवडून घ्यावा, कांडी डोळ्यांनी बघावी, तारेसारखी झाली असेल तर पदरचे पैसे घालून बदलावी. टाकीच्या किमतीपुढे ते पैसे काहीच नाहीत. पाण्याची जडता एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्यावी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडतेची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००. आपला आकडा करारातल्या आकड्याच्या वर असेल, तर सुटे भाग धरलेली महागडी एएमसी घेऊन फारसं हाती लागत नाही.

फेऱ्या करवून घेणं वाटतं तितकं सोपं नाही. पिनकोड टाकला की 'या भागात सेवा उपलब्ध नाही', नाहीतर माणूस पेण-पनवेलहून येणार आणि वर बाहेरगावचा आकार लागणार. आला, की झाकण उघडायच्या आधीच "मॅडम, एक ओटीपी आला असेल बघा." तो सांगितला की कंपनीच्या संगणकावर तक्रार मिटली. ओटीपी काम झाल्यावरच द्यायचा, तोही जॉबशीटवर 'काय आढळलं, काय केलं' हे लिहून घेऊन आणि त्याचा फोटो काढून.

थळच्या खतकारखान्यातल्या वाफेच्या बॉयलरला कायद्याने तपासणी आणि प्रमाणपत्र लागतं. २०२५ साली आलेल्या नव्या बॉयलर कायद्यातही शंभर अंशांच्या खाली पाणी तापवणारी भांडी वगळलेली आहेत. त्यामुळे घरच्या गीझरपाशी सरकारी निरीक्षक कधीच येत नाही. दाब वाढला तर पाणी सोडून देणारा सेफ्टी व्हॉल्व्ह अडकलेला नाही ना, हे बघणारा माणूस म्हणजे हाच, एएमसीचा.

खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी आणखी एक ओळ शोधावी: 'फक्त घरगुती वापरासाठी.' ती असेल तर पाहुण्यांच्या खोलीतल्या गीझरला करार लागू नाही, असं कंपनी म्हणू शकते. ग्राहक कायदाही व्यापारी हेतूला बाहेर ठेवतो. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही असा खुलासा त्यात आहे, पण तो वस्तूंपुरता लिहिलेला आहे. म्हणून पाहुण्यांच्या खोल्यांसाठी करार करताना वापर काय आहे ते स्पष्ट लिहवून घेतलेलं बरं.

एवढं करूनही कंपनी दाद देत नसेल, तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. तिथे भागलं नाही तर अलिबागचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, कंपनीचं कार्यालय कुठेही असो. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. तक्रार 'सेवेतील त्रुटी' म्हणून मांडावी. करारच अन्यायकारक आहे असं म्हणायचं झालं तर राज्य आयोगाची पायरी चढावी लागते. जॉबशीटचे फोटो, पैसे भरल्याची पावती, तक्रार क्रमांक आणि पाण्याचा अहवाल सोबत जोडावा. सुनावणी व्हिडिओवरून व्हावी अशी विनंतीही करता येते. मुरूड-श्रीवर्धनच्या माणसाला एसटीचे हेलपाटे वाचवायचे असतील, तर तो अर्ज सुरुवातीलाच द्यावा.