अकोटची सतरंजी

आमच्या घरी निळ्या-तांबड्या पट्ट्यांची एक सतरंजी आहे. मधोमध बाणा झिजून आतला ताणा उघडा पडलाय. दारात पाहुणा आला की आजी ती झटकून अंथरायची आणि सांगायची, "अकोटची हाय जी, बसा." गावाचं नाव घेतलं की वस्तूची खात्री पटायची. वऱ्हाडात अकोट आणि बाळापूर सतरंज्यांसाठी ओळखली जात. बाळापूरची पागोटीही नावाजलेली होती.

सतरंजीचा ताणा डोळ्यांना दिसत नाही. जाड सुताचा बाणा टाकायचा, दातेरी पंजानं ठोकून ठोकून दाबायचा, म्हणजे ताणा पूर्ण झाकला जातो आणि दोन्ही बाजू सारख्या उठतात. या कामाला तलम सूत लागत नाही. वऱ्हाडचा जुना गावरान कापूस आखूड धाग्याचा, भरड. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा लांब धागा प्यारा होता, त्यांच्या लेखी आपला कापूस हलका. सतरंजीला मात्र तोच हवा होता. माझ्या मते या वस्तूचं मोठेपण इथेच आहे: काळ्या मातीत जे पिकलं, त्याला शोभेल असंच काम इथल्या मागानं निवडलं.

1853 च्या करारानं निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि लँकेशायरची नजर इकडे वळली. 1867 मध्ये भुसावळ-नागपूर रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून धावू लागली. 1870 मध्ये खामगावचा फाटा निघाला, पाठोपाठ बडनेऱ्याहून अमरावतीचा.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस आयुक्त होता जे. एच. रिव्हेट-कार्नॅक. त्यानं आपल्या अहवालात जी आशा व्यक्त केली, ती वाचताना आजही हात थबकतो. रेल्वेनं विलायती कापड आलं की ते देशी कापडापेक्षा स्वस्त पडेल. इथे सूत काढण्यात खर्ची पडणारा कापूस मग निर्यातीला मोकळा होईल. आणि कातणारे-विणणारे लोक शेतमजुरीला मिळून जंगलाची जमीनही लागवडीखाली येईल. आपल्याकडचा विणकर काळाच्या ओघात मागे पडला, असं आपण सहज म्हणतो. इथे तर त्यानं मागे पडावं ही अपेक्षा सरकारी कागदावर लिहिलेली आहे!

विलायतेहून धोतरं आली, साड्यांचं कापड आलं. सतरंजी त्या माऱ्यातून काहीशी वाचली. पण घरोघरचे चरखे थांबले आणि विणकर गिरणीच्या सुतावर अवलंबून राहिला. त्यात देशभरच्या तुरुंगांतून कैद्यांच्या हातच्या सतरंज्याही विक्रीला येत.

पुढे गिरण्या वऱ्हाडातही उभ्या राहिल्या. बडनेऱ्याला निघाली, अकोल्याला सावतराम रामप्रसाद आणि मोहता, अचलपूरला विदर्भ मिल. 1974 मध्ये देशातल्या 103 आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात अकोल्याच्या या दोन्ही आणि अचलपूरचीही होती. अकोल्याचे भोंगे पुढे थांबले. अचलपूरला फिनले मिल नव्या यंत्रांनिशी उभी राहिली, तेव्हा गावाला केवढा धीर आला होता! 2020 च्या टाळेबंदीत तीही बंद पडली.

हातमागासाठी वस्तू राखून ठेवणारा कायदा 1985 चा. त्याच्या यादीत दरी आहे. म्हणजे सतरंजी यंत्रमागापासून कागदोपत्री सुरक्षित. प्लॅस्टिकच्या चटईला मात्र तो कायदा लागूच नाही. तिला ना ताणा ना पंजा, ती धुतली की तासाभरात वाळते. घरातल्या बाईच्या कंबरेचा विचार केला तर या सोयीला नावं ठेवणं मला जमत नाही. ओली सतरंजी पिळून पाहिलेल्यालाच ते कळेल.

दरम्यान कापूसही बदलला. 1970 मध्ये गुजरातेतून संकरित एच-4 आला, 2002 मध्ये बीटी. दोन्ही अमेरिकन जातकुळीचे, लांब धाग्याचे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं 'एकेए' मालिकेतले देशी वाण काढले खरे, पण शिवारात ते शोधावे लागतात. भरड धागा गेला, त्याच्यासोबत सतरंजीचा आधारही गेला.

अमरावतीजवळ नांदगाव पेठ इथे आता हजार एकरांवर 'पीएम मित्रा' वस्त्रोद्योग पार्क उभं राहतंय. 20 सप्टेंबर 2024 रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमात त्याची पायाभरणी झाली. कापूस पिकेल तिथेच कपडा शिवला जावा, ही कल्पना मला मनापासून हवी आहे. तिथे एखादा कोपरा पंजा ठोकणाऱ्या हातांना मिळावा, एवढंच मागणं.

विदर्भात मंडपवाल्याच्या दुकानाला अजून 'बिछायत केंद्र' म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात घरच्या कार्यासाठी अशाच एका केंद्रात सतरंज्या मागितल्या. पोरानं हिरव्या प्लॅस्टिकची गुंडाळी आणि खुर्च्यांची थप्पी दाखवली. "सुताची?" म्हटलं, तर तो आतल्या म्हाताऱ्या मालकाकडे पाहू लागला. मालक उठले, माळ्यावर चढले आणि गाठोड्यात बांधलेल्या दोन सतरंज्या काढून दिल्या. भाडं विचारलं तर म्हणाले, "झटकून परत आणा, बस."

आणल्या.