ब्रेक ऑइल पुरेसे, तरी पेडल खाली का जाते?

बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्याकडे येताना जुन्या जीपचे ब्रेक पेडल खोल गेले, की अनेकजण ऑइल भरून मोकळे होतात. पण ऑइलची पातळी वेगळी आणि ऑइलचा दाब वेगळा. तो दाब मास्टर सिलिंडर (पेडल दाबताच ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) तयार करतो. हापशीचा वायसर झिजला, की खाली पाणी असूनही दांडा नुसताच हलतो. सिलिंडरमधले रबरी सील झिजल्यावर तसेच होते.

गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखे दाबून धरावे. ते हळूहळू खाली सरकले आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर दोष बहुधा मास्टर सिलिंडरचा. पेडल मऊ लागले आणि भराभर दाबल्यावर वर आले, तर नळ्यांत हवा असण्याची शक्यता जास्त. पातळी वारंवार घटत असेल, तर नळ्यांचे जोड आणि चाकांच्या आतल्या बाजू तपासाव्यात.

पेडल फक्त घाटातच मऊ पडत असेल, तर जुन्या ऑइलवर संशय घ्यावा. ते हवेतला ओलावा शोषते. डॉट 3 ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान 205 अंश सेल्सियस असतो. ओलावा मुरल्यावर तो 140 पर्यंत उतरू शकतो. मग ब्रेक तापले की ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. थंड झाल्यावर ब्रेक पूर्ववत वाटले, तरी ऑइल बदलावेच.