जुन्या काचा, ओला मुलूख

२०१३ मध्ये सोनीने ए७ मालिकेतले फुल फ्रेम मिररलेस कॅमेरे बाजारात आणले आणि ट्रंकेत पडून राहिलेल्या मॅन्युअल लेन्सना पुन्हा भाव आला. आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलायला जागा लागे. एम४२ स्क्रू माउंटला हे अंतर साधारण साडेपंचेचाळीस मिलिमीटर, निकॉनला ४६.५. सोनीच्या बॉडीत ते अवघं १८. उरलेल्या जागेत एक पोकळ कडी, म्हणजे अ‍ॅडाप्टर, बसवली की साठ वर्षांपूर्वीची लेन्ससुद्धा इन्फिनिटीपर्यंत बिनतक्रार फोकस होते.

तेव्हापासून महाड-पोलादपूर पट्ट्यात मी चार लेन्स आलटून पालटून वापरत आलो: सोव्हिएत बनावटीची हेलिओस ४४-२, जपानची सुपर टाकुमार ५० एफ/१.४, पूर्व जर्मनीतली कार्ल झाइस येनाची टेसार ५० एफ/२.८ आणि निक्कोर ५० एफ/१.८. सुरुवात सगळे करतात तशीच केली. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं, ट्रायपॉड लावला आणि एकेका अ‍ॅपर्चरला फोटो काढले. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला फरक ढळढळीत होता. निक्कोरमधून कोपऱ्यातली अक्षरंही वाचता येत, हेलिओसचे कोपरे पार विरघळत. टेसारचा मधला भाग चोख, कडा मऊ. पण एफ/८ पर्यंत येता येता हा सगळा भेद मावळला. फाइलचं नाव झाकलं तर कुठला फोटो कुठल्या लेन्सचा हे मलाच ओळखता येईना. शार्पनेसची स्पर्धा तिथेच निकालात निघाली. एफ/१६ ला तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे चारही सारख्याच बोथट.

मग उरला तो स्वभाव, आणि तो कळायला भिंत उपयोगाची नव्हती. हेलिओस ही झाइसच्या बायोटार ५८ एफ/२ वरून बेतलेली. माणूस दीड-दोन मीटरवर आणि मागे लांब दाट झाडी असली, की पानांमधले प्रकाशाचे ठिपके कडेला चपटे होऊन चेहऱ्याभोवती गोल फिरू लागतात. हा खरं तर दोष आहे: कडेकडचा दृष्टिवैषम्याचा दोष पुरता न काढल्याचा आणि लेन्सच्या नळीने तिरपे किरण अडवल्याचा. पोलादपूरकडच्या एका आजींना त्यांचा फोटो दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, “मी बरी दिसत्ये रे, पण मागची झाडं का गरगरतायत? बघूनच चक्कर येईल.” त्यानंतर हेलिओस मी क्वचितच पूर्ण उघडली. ती चक्कर एकदा बघायला गंमत वाटते. दहा फोटोंत दहादा आली की माणसापेक्षा लेन्सच जास्त दिसते.

टाकुमारचं प्रकरण वेगळं. सात भिंगांच्या या लेन्समध्ये थोरियमयुक्त काच आहे. थोरियममुळे काचेचा अपवर्तनांक वाढतो, पण त्याच्याच किरणोत्सर्गाने वर्षानुवर्षांत ती चहासारखी पिवळी पडते. अतिनील प्रकाशाने हा पिवळेपणा उतरतो. जून ते सप्टेंबर ऊनच नसलेल्या मुलखात हा उपाय चैत्र-वैशाखात करावा लागतो, तोही सकाळच्या उन्हात. दुपारच्या तापाने फोकसच्या आट्यांमधलं ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर येण्याची भीती. पिवळेपणा गेल्यावर या लेन्सने टिपलेले चेहरे मला चौघींत सर्वांत आवडले. मात्र आंबेनळी घाटातल्या धुक्यात ती नापास झाली. समोरून प्रकाश आला की तिचा कॉन्ट्रास्ट ढासळतो, आणि धुक्यात मुळातच कॉन्ट्रास्ट नसतो. जिथे निक्कोरने डोंगरांच्या चार रांगा वेगळ्या दाखवल्या, तिथे टाकुमारने सरसकट दूध ओतलं. असाही कंपनीने १९७१ मध्ये आपल्या टाकुमार लेन्सवर अनेक थरांचं कोटिंग का आणलं, ते घाटात कळतं.

महाडजवळच्या गांधारपाल्याच्या बौद्ध लेण्यांत तर स्वभावाला वावच नाही. ब्राह्मी शिलालेखाची अक्षरं वाचता यायला हवीत. तिथे चार भिंगांची साधी टेसार, एफ/८ आणि बाजूने सरपटत येणारं ऊन, एवढं पुरतं. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ च्या सत्याग्रहाचं स्मरण करायला लोटणाऱ्या गर्दीत वेगळीच गरज पडते. तिथे फोकसची रिंग फिरवत बसायला वेळ नसतो. ५० ची लेन्स एफ/८ वर आणि अंतर ४ मीटरवर लावून ठेवलं, की सुमारे ३ ते साडेसहा मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. हे सांगणारी, बॅरलवर कोरलेली अंतरांची पट्टी आजच्या बहुतेक ऑटोफोकस लेन्सवर नसते.

या मुलखात पाऊस कधी कधी लेन्सचा प्रश्नच उरू देत नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. २०२१ च्या २२ जुलैला महाड पाण्याखाली गेलं आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. पाणी ओसरल्यावर पंचनाम्याला फोटो लागले: भिंतीवरची चिखलाची रेघ, बुडालेला माल. त्या दिवसांत मोबाइलच खरा कॅमेरा होता, आणि ते योग्यच होतं. पुरावा हवा असतो तिथे लेन्सने मध्ये बोलू नये.

या सगळ्या तुलनेवर शेवटी शिक्कामोर्तब केलं ते दमट हवेने. इथल्या पावसाळ्यात कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. वेळीच पुसली तर निघते, उशीर झाला तर कोटिंग खाऊन जाते. मग ती लेन्स मुंबईच्या बोरा बाजारात उघडून साफ करून आणली, तरी उजेडाकडे धरल्यावर डाग दिसतातच. हवाबंद डबा, सिलिका जेल, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास आणि अधूनमधून लेन्स बाहेर काढून वापरणं, एवढं केलं तरच ती टिकते. म्हणून जुनी लेन्स घेताना तिच्या नावाआधी टॉर्च मारून तिची काच बघावी. बुरशी खाल्लेल्या टाकुमारपेक्षा स्वच्छ, साधी टेसार केव्हाही चांगली.

आज बॅगेत रोज निक्कोर असते. चेहऱ्यांसाठी टाकुमार, कोरीव कामासाठी टेसार. हेलिओस विकलेली नाही, पण ती बाहेर काढण्याआधी एकच प्रश्न विचारतो: हा फोटो बघणाऱ्याला माणूस दिसायला हवा की लेन्स?