भरीत पोटभर, भाकरी बेताची

थंडी पडली की जळगाव-धुळ्याच्या शेतांत भरीत पार्ट्या सुरू होतात. पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी, पांढुरक्या रेघांची वांगी भाजली जातात. जळगावच्या या भरीताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले.

कर्बोदके कमी ठेवू पाहणाऱ्यांना याहून सोपे जेवण सापडणे कठीण. 100 ग्रॅम कच्च्या वांग्यात कर्बोदके जेमतेम 6 ग्रॅम, त्यातलाही निम्म्याच्या आसपास भाग तंतूंचा. तंतू लहान आतड्यात पचत नाहीत, म्हणून त्यांची रक्तात साखर होत नाही.

घरी गॅसवरही हे जमते. वांग्याला टोचे मारून मंद आचेवर साल काळी पडेपर्यंत फिरवत भाजावे, सोलून ठेचावे. तेलात शेंगदाणे, लसूण, हिरवी मिरची परतून त्यात हा गर, कांद्याची पात आणि कोथिंबीर घालावी. दाण्यांतील प्रथिने आणि स्निग्धांश जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात. भूक लवकर लागत नाही.

खरा फरक पडतो तो सोबतीने. पुऱ्यांचा ढीग घेतला तर वांग्याचा फायदा तिथेच संपतो. त्यापेक्षा कळण्याची एकच भाकरी घ्यावी: ज्वारीसोबत दळलेल्या सालासकट उडदामुळे तिच्यात प्रथिने आणि तंतू वाढतात. कर्बोदके मात्र तिच्यातही भरपूर असतात.

मधल्या वेळी तळलेल्या शेवेऐवजी मूठभर भाजके शेंगदाणे खावेत. 30 ग्रॅम दाण्यांत कर्बोदके सुमारे 5 ग्रॅम आणि प्रथिने 7 ग्रॅमांहून अधिक असतात. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी मात्र भाकरी कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण साखर एकदम खाली जाऊ शकते.