व्हिनाइलची जमीन : घेण्यापूर्वी थोडे पारखून

दिल्लीच्या उत्तरेस टेकडीवर महानगरपालिकेचे हिंदूराव रुग्णालय आहे. हे हिंदूराव म्हणजे कागलचे घाटगे, बायजाबाई शिंदे यांचे बंधू. १८३५ साली विल्यम फ्रेझरचा खून झाल्यावर त्याची टेकडीवरील कोठी त्यांनी घेतली. सदर बाजाराजवळची बाडा हिंदूराव ही दाट वस्तीही त्यांचेच नाव सांगते.

अशा जुन्या वस्तीत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाची अडचण आपल्या ओळखीची असेल. सिमेंटची जमीन जागोजागी उखडलेली, आणि जानेवारीच्या थंडीत तिच्यावर पाऊल ठेववत नाही. दगडी फरशी घालावी तर तोडफोड आणि घरमालकाची संमती. मग बाजारात गुंडाळीने मिळणारे व्हिनाइल मोह घालते. पायाला ते दगडाइतके गार लागत नाही आणि एका दिवसात खोली पालटते. पुष्कळ जण त्याला लिनोलियम म्हणतात. पण लिनोलियम जवसाच्या तेलापासून होते, व्हिनाइल हे प्लास्टिक आहे.

मात्र नमुन्यांच्या वहीतील रंग पाहण्याआधी आपण घरची जमीन पाहावी. व्हिनाइलमधून पाणी झिरपत नाही, हा त्याचा गुण. पण खालून येणारी ओलही त्यामुळे कोंडते. डिंक सुटतो, फुगे येतात, बुरशीचा वास सुटतो. तळमजल्यावर हा धोका अधिक. परीक्षा सोपी आहे : हातभर चौरस पारदर्शक प्लास्टिक जमिनीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले किंवा जमीन काळवंडली, तर खरेदी लांबणीवर टाकावी आणि आधी ओलीचा उगम शोधावा. ही परीक्षा पावसाळ्यात करावी. मे महिन्यात दिल्लीची कोणतीही जमीन कोरडीच भासेल. खाचखळगेही भरून घ्यावेत. पातळ व्हिनाइल खालचा प्रत्येक खडा वर दाखवते.

दुकानदार एकूण जाडी सांगेल. आपण वरच्या पारदर्शक थराची जाडी विचारावी; चपला आणि खुर्च्यांची झीज तोच सोसतो. घराला ०.३ मिलिमीटर पुरतो, फार वर्दळ असेल तर ०.५ घ्यावा. मीटरवर मिळणाऱ्या स्वस्त छापील चादरीत हा थर जवळजवळ नसतोच, म्हणून दाराशी तिची नक्षी लवकर पुसली जाते.

मोठ्या रुग्णालयांत व्हिनाइलचे सांधे वितळवून बुजवतात आणि कड भिंतीवर चार बोटे चढवतात, म्हणजे मळ साचायला फट उरत नाही. घरी एवढे नको. पण स्वयंपाकघरात फळ्या जोडण्यापेक्षा अखंड चादर बरी. तापलेला तवा मात्र तिच्यावर टेकवू नये, आणि रबराचे पायपुसणेही नको, त्याचा पिवळा डाग निघत नाही.

घरात म्हातारे माणूस असेल तर गुळगुळीत चकाकीचा नमुना बाजूला ठेवावा. ओल्या व्हिनाइलवर पाय सरकतो, आणि उचललेल्या कडेला अडखळून पडणे त्याहून वाईट. रांगते मूल असेल तर माल ‘थॅलेट’विरहित आहे का, हे लेखी विचारावे. मऊपणासाठी घालतात त्या या द्रव्यांपैकी काहींवर युरोपात २०२० पासून कडक मर्यादा आहे. बसवल्यावर खिडक्या काही दिवस उघड्या ठेवाव्यात.

उरलेले तुकडे टाकू नयेत. पुढे एखादी जागा फाटली तर त्याच छापाचा माल मिळेलच असे नाही.