सैनिकांची व्यक्तिछायाचित्रे, एकोणिसाव्या शतकातील

छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाल्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत काढली गेलेली, गणवेशातील सैनिकांची एकेकट्याची अथवा लहान गटांची चित्रे. त्यांचा संग्रह हा पुराणवस्तुसंग्रहाचा एक स्वतंत्र विभाग मानला जातो. लष्करी इतिहास, पोशाखाचा इतिहास, छायाचित्रणतंत्र व वंशावळीचा अभ्यास या चारही दृष्टींनी अशी चित्रे उपयुक्त ठरतात. महाराष्ट्रात मुंबई इलाख्याच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या घराण्यांकडे ती क्वचित आढळतात.

तंत्र व प्रकार : लूई झाक मांदे दागेअर (१७८७–१८५१) याच्या पद्धतीने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच प्रतिमा मिळे, तिच्या प्रती काढता येत नसत. फ्रेडरिक स्कॉट आर्चर (१८१३–५७) याने १८५१ मध्ये ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. तीतूनच काचेवरील अँब्रोटाइप व काळ्या रोगणाच्या लोखंडी पत्र्यावरील टिनटाइप हे स्वस्त प्रकार निघाले. आंद्रे दिस्देरी (१८१९–८९) या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५४ मध्ये ‘कार्त द व्हिझीत’ या भेटपत्राएवढ्या चित्राचे एकस्व घेतले. अल्ब्युमेन कागदावरील हे चित्र सु. ६·४ × १०·२ सेंमी. पुठ्ठ्यावर चिकटविलेले असे. एका काचेवर अनेक प्रतिमा घेता येत असल्याने त्याची किंमत उतरली. १८६६ च्या सुमारास सु. १०·८ × १६·५ सेंमी. आकाराचे ‘कॅबिनेट’ चित्र रूढ झाले. रिचर्ड मॅडॉक्स (१८१६–१९०२) याने १८७१ मध्ये सुचविलेली जिलेटिनाची कोरडी काच पुढे सुधारून सर्वत्र प्रचारात आली. त्यामुळे छायाचित्रकारास काच जागेवरच तयार करण्याची गरज उरली नाही आणि छावणीतही चित्रे काढणे सुलभ झाले [⟶ छायाचित्रण].

जागतिक पार्श्वभूमी : बंगालच्या फौजेतील शल्यचिकित्सक जॉन मॅकॉश याने दुसऱ्या इंग्रज-शीख युद्धाच्या वेळी (१८४८-४९) काढलेली व्यक्तिचित्रे या प्रकारच्या अगदी आरंभीच्या चित्रांत मोडतात. क्रिमियाच्या युद्धात रॉजर फेंटन (१८१९–६९) याने १८५५ मध्ये सु. ३५० छायाचित्रे घेतली. त्यांत अधिकाऱ्यांची व सैनिकांची बरीच व्यक्तिचित्रे आहेत. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) मात्र सामान्य शिपाईही मोठ्या संख्येने छायाचित्रकारापुढे बसला. रणांगणावर जाण्यापूर्वी घरच्यांसाठी आपली प्रतिमा ठेवून जाण्याची प्रथाच तेथे पडली. म्हणूनच अशा चित्रांचा संग्रह हा छंद अमेरिकेत सर्वांत जोमाने वाढला व १९७९ पासून या विषयाला वाहिलेले नियतकालिकही तेथे निघू लागले. लिल्येनक्विस्ट कुटुंबाने २०१० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयास दिलेला संग्रह विशेष उल्लेखनीय आहे. त्यातील बहुसंख्य सैनिकांची नावे अज्ञात आहेत.

मुंबई इलाख्यातील छायाचित्रे : मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली व पुढील वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी व हरिश्चंद्र चिंतामण हे या काळातील प्रमुख एतद्देशीय छायाचित्रकार होत. मुंबई तोफखान्यातील कॅप्टन टॉमस बिग्ज यास १८५५ मध्ये सरकारी छायाचित्रकार नेमण्यात आले. परंतु त्याचे काम मुख्यतः प्राचीन वास्तूंची चित्रे घेण्याचे होते. लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी पुढे सैनिकी कवायतींची व अधिकाऱ्यांची अनेक चित्रे काढली.

तथापि यूरोपीय अधिकारी आणि देशी शिपाई यांच्या चित्रांत मूलभूत फरक दिसतो. अधिकाऱ्याचे चित्र त्याच्या स्वतःच्या इच्छेने व खर्चाने निघे आणि त्यावर त्याचे नाव असे. शिपायाचे चित्र बहुधा पलटणीच्या किंवा सरकारच्या गरजेने निघे आणि त्याखाली ‘मराठा’, ‘महार’, ‘दख्खनी मुसलमान’ अशी जातिवाचक नोंद असे. १८८० नंतर भरतीच्या धोरणात ‘लढाऊ जमाती’ची कल्पना बळावली. तिला असे नमुनाचित्रांचे संच पोषकच ठरले. आर्थिक कारणही यामागे होते : १८९५ पर्यंत देशी पायदळातील शिपायाचे मासिक वेतन सात रुपये होते, त्या वर्षी ते नऊ रुपये झाले. अशा प्राप्तीत स्वतःचे चित्र काढविणे ही चैन होती. त्यामुळे नावानिशी सापडणारी देशी चित्रे बहुतांशी सुभेदार, जमादार अशा हुद्देदारांची वा निवृत्तिवेतनधारकांची असतात. मराठीभाषक बेने इस्राएल समाजातील अनेकजण या हुद्द्यांपर्यंत पोहोचले होते.

१८५७ च्या उठावातील शिपायांची बाजू या चित्रसंग्रहात जवळजवळ रिकामी आहे. त्या वर्षी जुलैअखेर कोल्हापूर येथे मुंबई फौजेच्या २७ व्या पलटणीने बंड केले. त्यात सामील झालेल्यांना आपली प्रतिमा मागे ठेवण्याची संधी मिळण्याचे कारण नव्हते. फेलिचे बेआतो याने १८५८ मध्ये लखनौ येथे घेतलेले फासावर लटकणाऱ्या शिपायांचे छायाचित्र सर्वपरिचित आहे. त्यात शिपाई दिसतो, तो जेत्याच्या नजरेतून.

महार सैनिकांच्या बाबतीत या चित्रांना वेगळेच महत्त्व आहे. मुंबई फौजेत दीर्घ काळ चाकरी केलेल्या या समाजाची भरती १८९२-९३ च्या सुमारास बंद करण्यात आली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये या अन्यायाविरुद्ध अर्ज तयार केला. पूर्वजांच्या लष्करी सेवेचा पुरावा हा अशा मागण्यांचा आधार होता. गणवेशातील आजोबा-पणजोबांचे चित्र, सेवापत्रक व पदक यांना म्हणूनच कौटुंबिक आठवणीपलीकडचे मोल आहे.

कालनिश्चिती व ओळख : चित्राचा काळ प्रथम त्याच्या तंत्रावरून ठरतो. आरशासारखी चकाकणारी व कोन बदलताच उलटसुलट दिसणारी प्रतिमा दागेअरच्या पद्धतीची असते. टिनटाइपला चुंबक चिकटतो. पिवळसर झालेला पातळ अल्ब्युमेन कागद साधारणपणे १८५० ते १८९० च्या दशकांतील असतो. दागेअरच्या पद्धतीत व टिनटाइपमध्ये डावे-उजवे उलटते, म्हणून पदके उजव्या छातीवर दिसतात. कलोडियनच्या काचेस निळा प्रकाश अधिक व तांबडा अत्यल्प जाणवत असल्याने तांबडा डगला काळा, तर निळा रंग फिका उमटतो. केवळ छटेवरून गणवेशाचा वा पदकाच्या फितीचा रंग ठरविणे त्यामुळे धोक्याचे असते. पायांमागे दिसणारी लोखंडी बैठक मान स्थिर ठेवणाऱ्या आधाराची असते व ती दीर्घ प्रकाशनकालाची निदर्शक आहे.

पदकांवरून पूर्वसीमा कळते. दुसऱ्या अफगाण युद्धाचे (१८७८–८०) पदक १८८१ मध्ये मंजूर झाले. ते ज्या छातीवर आहे, ते चित्र त्यानंतरचेच होय. याच युद्धात मैवंद येथे (२७ जुलै १८८०) मुंबई फौजेच्या पहिल्या (ग्रेनेडियर) व तिसाव्या (जेकब रायफल्स) पलटणींची मोठी हानी झाली. पलटणीच्या क्रमांकाचा बिल्ला वाचताना १८९५ मध्ये तिन्ही इलाख्यांच्या फौजा एक करण्यात आल्या आणि १९०३ मध्ये पलटणींचे क्रमांक बदलले, हे ध्यानात ठेवावे लागते, उदा., मुंबईची पाचवी पलटण ही १०५ वी मराठा पलटण झाली. बहुतेक पदकांच्या कडेवर सैनिकाचे नाव व पलटण कोरलेली असते. घरात चित्र व पदक दोन्ही असल्यास निनावी चेहऱ्याची ओळख पटण्याचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय.

नाव माहीत असलेल्या चित्राला बाजारात अधिक किंमत येते. परिणामी मागील बाजूस नवीन शाईने नाव घालणे, जुन्या पुठ्ठ्यावर नवी प्रत चिकटविणे असे प्रकार घडतात. चित्र कोणाकडून व कोणत्या मार्गाने आले याची नोंद ठेवणे, हा त्यावरील मुख्य उपाय आहे. भारतात पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंच्या निर्यातीवर निर्बंध आहेत.

संग्रह व जतन : हिंदी सैनिकांच्या छायाचित्रांचे मोठे साठे लंडन येथील राष्ट्रीय सेना संग्रहालयात व ब्रिटिश ग्रंथालयात आहेत. भारतात नवी दिल्ली येथील अल्काझी प्रतिष्ठानाचा एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांचा संग्रह प्रसिद्ध आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे संग्रहालय बेळगाव येथे आहे.

मुंबई फौजेतील मराठा शिपाई प्रामुख्याने सातारा व रत्नागिरी या जिल्ह्यांतून येत. सातारा जिल्ह्यातील कोयना व केरा यांच्या संगमावरील पाटण व त्याचा डोंगराळ तालुका हा या भरतीच्या टापूतीलच भाग होय. मात्र अशा प्रदेशात कागदी चित्र टिकणे कठीण असते. अतिवृष्टीच्या दमट हवेत जिलेटीन फुगून चौकटीच्या काचेस चिकटते, बुरशी धरते. चुलीचा धूर, कसर व वाळवी यांची त्यात भर पडते. शिवसागर जलाशयामुळे या तालुक्यातील व लगतच्या खोऱ्यातील अनेक गावे उठली आणि ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात असंख्य घरे कोसळली. अशा प्रसंगी घराबरोबर भिंतीवरील तसबिरी व पेटीतील कागदही नाहीसे होतात.

जतनासाठी आम्लरहित कागद, थंड व कोरडी जागा आणि सु. ३० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते. चिकटपट्टी लावणे, प्लॅस्टिकचे आवरण तापवून चढविणे व काचेस चिकटलेले चित्र ओढून काढणे टाळावे. अशा चित्राची काचेसह प्रत घ्यावी. मूळ चित्र घराण्याकडेच ठेवून त्याची अंकीय प्रत, पदकाच्या कडेवरील मजकूर व घरातील वृद्धांनी सांगितलेले नाव-गाव एकत्र नोंदविण्याची पद्धत अधिक श्रेयस्कर आहे. कारण नाव जाणणारी शेवटची व्यक्ती गेल्यावर उत्तम स्थितीतील चित्रही केवळ गणवेशाचा नमुना म्हणून उरते.