एए मीटिंगला पहिल्यांदा जाताना

दारू सोडायची इच्छा असणे, एवढीच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (एए) सभासदत्वाची अट आहे. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांशी बोलत राहिले. त्यातून ही चळवळ उभी राहिली. महाराष्ट्रात तिच्या मीटिंगा बहुधा शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या खोलीत भरतात.

तिथे उपदेश करणारा कोणी नसतो. एकेक जण नाव सांगतो, ‘मी मद्यपी आहे’ म्हणतो आणि स्वतःपुरते बोलतो. मध्येच कोणी तोडत नाही. नवख्याने नुसते ऐकले तरी चालते. मला याचे मोल फार वाटते: घरी ज्याच्या शब्दावर कोणाचा विश्वास उरलेला नाही, त्याचे इथे शांतपणे ऐकून घेतात. खुल्या मीटिंगला घरचेही येऊ शकतात; त्यांच्यासाठी अल-अ‍ॅनॉन हा स्वतंत्र गटही आहे.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद करू नये. झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जिवावरही बेतते. आधी डॉक्टरांना भेटा. उपचार चालू असतानाही मीटिंगला जाता येते.